साखरेचं बूच

राण्या मंगळवारी आल्या.
चाळीस लाकडी डब्या, काडेपेटीएवढ्या,
एका अंगाला जाळी, टोकाला साखरेचं बूच,
सोबत आरोग्याचा दाखला, आयातीचा परवाना, शिक्का.
नऊ दिवसांत सगळं.
पोस्टातली बाई म्हणाली, ओडेट, तुझं पार्सल गुणगुणतंय.

एव्हेलिओ अजून आलेला नाही.
त्याचा अर्ज ऑक्टोबरात टाकला होता.
आता एप्रिल संपतोय, रस्त्याकडेचा बर्फ काळा पडलाय,
आणि आठशे पेट्या गोदामाच्या अंधारात
कूस बदलताहेत.

सरकार विचारतं, इथला माणूस का नाही?
रास्त प्रश्न आहे. मीही विचारते,
दोन्ही मुलं तेलविहिरींवर गेली तेव्हापासून.
चार आठवडे जाहिरात लावली, नियमाप्रमाणे तीन ठिकाणी,
पगाराचा आकडा ठळक.
एकच पोरगा आला, फालेरचा.
दुसऱ्या डंखाला त्याचा डोळा मिटला,
चौथ्याला तो ट्रकमध्ये जाऊन बसला,
जेवायला म्हणून गेला तो गेलाच.
माझे हातमोजे घेऊन.

अर्जातला रकाना: हाच कामगार का? पाचशे अक्षरांत.
लिहिलं, अनुभव, अकरा हंगाम.
लिहिलं नाही ते असं:
तो झाकण न उघडता पेटीला नुसता कान लावतो
आणि सांगतो, हिच्यात राणी नाही.
घरातलं कुणी गेलं की शेजारच्या खोलीतून
जसा आवाज येतो ना, तो म्हणतो, तसा.
अकरा वर्षांत दोनदा चुकला.
त्यातल्या एकदा मीच चुकले असेन.

ग्रँड प्रेरीच्या सल्लागाराने तीन कागद मांडले.
पहिला हंगामापुरता. मार्चात ये, ऑक्टोबरात जा,
पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.
दुसरा दोन वर्षांचा, पण बांधलेला,
परवान्यावर माझं नाव छापलेलं.
शेजारच्या बुशारकडे एक चौकट उचलली
तरी तो गुन्हा.
तिसरा कायमच्या वास्तव्याचा. त्याला भाषेची परीक्षा,
मला पाच वर्षांचे हिशेब, आणि शेवटी
(पेनाला टोपण लावत) तो मोकळा.
तुम्हाला सोडूनही जाईल. बरेच जातात.
दुसरा घ्या. मालकाच्या सोयीचा.

एव्हेलिओ मला पात्रोना म्हणतो. मालकीणबाई.
मला आवडत नाही.
मी कधी थांबवलंही नाही.

गेल्या सप्टेंबरात मध गाळताना
चिकट अंगठ्याने त्याने फोनवर मुलगी दाखवली.
पहिल्या हंगामाला निघाला तेव्हा ती पोटात होती,
आता पाचवीत आहे. भुवया त्याच्याच.
वाढदिवस जुलैतला.
जुलैत इथे क्लोव्हर फुलतं.
तो एकाही वाढदिवसाला तिथे नव्हता,
जन्मालाही नव्हता,
आणि ते सगळे जुलै माझ्या बरण्यांत
लेबल लावून विकले गेले.

काल पहिली राणी मी एकटीनेच लावली.
सरळ सोडली तर मारून टाकतात, परकी म्हणून,
वास वेगळा म्हणून.
म्हणून डबी दोन चौकटींमध्ये अडकवायची,
बूच वरच्या बाजूला. मग आतल्या आतून कुरतडतात,
बाहेरच्या बाहेरून. तीन दिवस, कधी पाच.
साखर संपते तोवर वास एक झालेला असतो.
मध्ये उघडून बघायचं नाही. मी दरवर्षी बघते.

रात्री भाषेच्या परीक्षेची नमुना प्रश्नपत्रिका छापली.
शाई संपत आलेली, शेवटच्या ओळी फिक्या.
रविवारी त्याला फोनवर पहिलाच प्रश्न विचारला:
तुमच्या घराचं वर्णन करा, ऐंशी शब्दांत.

बराच वेळ पलीकडून नुसत्या कोंबड्या ऐकू येत होत्या.
कुणीतरी बादली ठेवली.
मग तो म्हणाला, पात्रोना,
कुठल्या?